सहा व्होल्टवरची नोकरी

मला अमेरिकेत पहिली नोकरी मिळाली ती लग्नानंतर चार वर्षांनी, आणि ती टिकणार की जाणार हे एका अशा गाडीवर अवलंबून होतं, जी वयानं माझ्याहून मोठी आणि स्वभावानं माझ्याइतकीच वाईट होती. गाडी माझी नव्हतीच. ती शेजारच्या आजीबाईंची, म्हणजे खरं तर त्यांच्या वारलेल्या नवऱ्याची होती.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती ती. आम्ही न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला भाड्याच्या घरात राहत होतो. नवरा एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात होता. रोज सकाळी आमची एकुलती एक गाडी घेऊन तो स्टेशनवर जायचा आणि तिथून ट्रेननं न्यू यॉर्कला. आमच्या भागात बस नावाची वस्तू नव्हती. फूटपाथसुद्धा आमच्या कोपऱ्यापर्यंत यायचा आणि पुढे कोण कशाला चालत जाईल असं वाटून संपायचा. त्यामुळे एकदा नवरा गेला की संध्याकाळपर्यंत मी, टीव्ही आणि खिडकीबाहेरच्या खारी.

पुण्यात मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून एका कारखान्यात तीन वर्षं मीटर दुरुस्त केले होते. हाताखाली दोन पुरुष होते आणि ते मला घाबरायचे. इथे मला घाबरायला कुणीच नव्हतं. विमानात बसताना मी नवऱ्याला ‘अहो’ म्हणत होते. पहिल्या हिवाळ्यातच त्याचं ‘अरे’ झालं, आणि त्याला ते आवडलंही. आमच्या घरातली स्त्रीमुक्ती एवढ्यावर येऊन थांबली होती.

ग्रीन कार्ड हातात पडलं आणि मी दिसेल तिथे अर्ज टाकत सुटले. अकरा मैलांवर एक लहानशी कंपनी होती, हवेतले विषारी वायू मोजणारी यंत्रं बनवणारी. त्यांना दुरुस्तीच्या बेंचवर माणूस हवा होता. इंटरव्ह्यूच्या दिवशी नवऱ्यानं रजा टाकून मला तिथे सोडलं आणि पुढे महिनाभर त्याचं कौतुक करून घेतलं. नोकरी मिळाली. सकाळी आठला हजर. सहा महिने प्रोबेशन, म्हणजे कामावर राहिलात तरी नोकरीत नाही.

“पण तू जाणार कशी गं?” नवऱ्यानं विचारलं.

“बघू काहीतरी.”

“घर घेतलं की सेकंड कार घेऊच आपण,” तो म्हणाला. घर घ्यायला अजून दोन वर्षं होती. तो पेपर वाचत होता.

आजीबाईंशी माझी ओळख कुंपणावरची. त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, काठीसारख्या सरळ, आणि बोलायला त्याहून सरळ. माझी अडचण ऐकून त्यांनी मला त्यांच्या गॅरेजात नेलं आणि एक ताडपत्री ओढून काढली. खाली काळी, गुबगुबीत, पन्नास सालच्या आसपासची गाडी. नवरा गेल्यापासून ती फक्त महिन्यातून एकदा कोपऱ्यावरचा पेट्रोलपंपवाला येऊन सुरू करून जायचा. लायसन्स माझ्याकडे होतं. त्या म्हणाल्या, चालव. अटी दोन. दर गुरुवारी संध्याकाळी त्यांना केस सेट करायला न्यायचं. आणि गाडीत त्यांच्या नवऱ्यानं जे जसं ठेवलंय ते तसंच राहिलं पाहिजे. काही बदललंच, तर ते पुन्हा पहिल्यासारखं करता आलं पाहिजे. मी दोन्ही अटी मान्य केल्या. त्या क्षणी त्यांनी मला स्वतःचे दात काढून द्यायला सांगितलं असतं तरी मी हो म्हटलं असतं.

आता थोडं त्या गाडीच्या पोटातलं सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिथेच घडलं. हल्लीच्या गाड्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. ही सहावर चालायची. दिवे लावले की समईइतका उजेड पडायचा. पेट्रोल पेटवायला जी ठिणगी लागते ती या जुन्या गाड्यांत दोन चिमुकल्या धातूच्या ठिपक्यांमुळे पडते. त्यांना पॉइंट्स म्हणतात. इंजिन फिरताना ते मिनिटाला हजारो वेळा एकमेकांना चिकटतात आणि सुटतात, आणि दर सुटण्याला एक ठिणगी. व्होल्टेज कमी असल्यामुळे करंट जास्त, आणि करंट जास्त असल्यामुळे ठिपके लवकर जळतात. जळले की एकावर खड्डा आणि दुसऱ्यावर टेकाड, आणि मग गाडी सिग्नलला उभी असताना कसलाही आवाज न करता मरते. मागच्या गाड्या हॉर्न वाजवतात. तुम्ही बॉनेट उघडून, पर्समधली नखं घासायची पट्टी काढून, ते ठिपके घासता. लोकांना वाटतं बाई गाडीचं मॅनिक्युअर करतेय.

पहिल्या महिन्यात मला दोनदा उशीर झाला. एकदा वीस मिनिटं, एकदा पन्नास. आमचा सुपरवायझर नौदलातून आलेला माणूस होता, रागवायचा नाही, फक्त घड्याळाकडे बघायचा. दुसऱ्या वेळी त्यानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, तुझं काम चांगलं आहे, बेंचवरच्या सगळ्यांत चांगलं आहे, पण प्रोबेशनमध्ये तीनदा उशीर म्हणजे मला कागद भरावा लागतो, आणि तो कागद भरला की माणूस घरी जातो, अपवाद मी आजवर कुणासाठी केलेला नाही. मी यस सर म्हटलं. घरी येताना गाडी पुन्हा बंद पडली. या वेळी मी तिला मराठीत शिव्या दिल्या, कारण इंग्रजीतल्या मला पुरेशा वाटेनात.

तोपर्यंत नव्या गाड्यांतून पॉइंट्स हद्दपार झाले होते. त्यांच्या जागी ट्रान्झिस्टर आला होता, जो जळत नाही, झिजत नाही आणि घासून घ्यावा लागत नाही. ट्रान्झिस्टर हा माझ्या घरचा माणूस. मी ठरवलं की या म्हातारीला इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायचं.

शनिवारी आम्ही गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या माणसाला मी प्रश्न विचारायची आणि तो उत्तर नवऱ्याला द्यायचा. नवऱ्याला प्लग म्हणजे भिंतीवरचा, एवढंच ठाऊक. तो गंभीरपणे मान हलवायचा. सहा व्होल्ट ऐकल्यावर काउंटरवाला हसला. म्हणाला, तसलं किट कुणी बनवत नाही, सरळ बारा व्होल्टची बॅटरी टाका. ते मला जमण्यासारखं नव्हतं. बारा व्होल्ट टाकले असते तर आजीबाईंच्या नवऱ्याचा रेडिओ, त्याचे दिवे, त्याचं डॅशबोर्डवरचं घड्याळ, सगळं एका दमात सती गेलं असतं. मी बारा व्होल्टचंच किट घेतलं आणि ठरवलं, सहाचे बारा मी करीन.

ते अवघड नव्हतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर आठवडाभर संध्याकाळी बसून मी एक छोटा कन्व्हर्टर तयार केला. तो सहा व्होल्ट घ्यायचा आणि बारा द्यायचा. पोळ्यांना सोल्डरिंगचा वास लागला म्हणून नवरा कुरकुरला. मी म्हटलं, मग तू लाट. तो वास त्याला नंतर आवडायला लागला.

मग शनिवारी गॅरेजात मी ते सगळं जोडलं. काळी वायर बॉडीला, लाल वायर बॅटरीच्या दुसऱ्या टोकाला. बॉडी म्हणजे मायनस. हे मला कुणी सांगावं लागत नव्हतं. डिप्लोमाच्या पहिल्या दिवसापासून मी हेच करत आले होते, हात आपोआप तिकडे जात होता. किल्ली फिरवली. किटमधून एक बारीक ‘टक’ आणि मग निळसर धुराची एक सुरेख रेघ निघाली. कन्व्हर्टरही गेला.

या गाडीत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला होता. त्या काळी कित्येक गाड्यांत तसंच असायचं. आणि सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट ही, की बॉडीला जाणाऱ्या जाड पट्टीशेजारी आजीबाईंच्या नवऱ्यानं लाल रंगानं भलंमोठं अधिकचं चिन्ह काढून ठेवलं होतं, शेजारी बाण. मी ते पाहिलं होतं. पाहिलं, आणि बिचाऱ्या अडाणी माणसाची चूक झालेली दिसतेय असं समजून सोडून दिलं. मेलेल्या माणसाची चूक काढायला मी डिप्लोमा घेऊन आले होते. आजीबाई दारात घडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “तो फार कमी लिहायचा. लिहिलं असेल तर खरंच असेल.”

दुसरा कन्व्हर्टर मी जरा नम्रपणे बनवला, आणि नवं किट न घेता किटचं कामही स्वतःच उभं केलं. बारा व्होल्टची सगळी मंडळी एका ॲल्युमिनियमच्या डब्यात घातली आणि तो डबा गाडीच्या बॉडीपासून पूर्ण अलग ठेवला. त्यासाठी रबर हवं होतं. नवऱ्याच्या भारतातून आणलेल्या स्लिपरपैकी एक मी कापली आणि तिचे चार तुकडे डब्याखाली लावले. तो आठवडाभर दुसरी स्लिपर शोधत होता. पॉइंट्स काढून त्यांच्या जागी मी एक सेन्सर बसवला: फिरणाऱ्या चकतीला सहा खाचा, खाचेतून प्रकाश आला की सेन्सरला कळतं, आता ठिणगी टाक. चकती लोणच्याच्या बरणीच्या पत्र्याच्या झाकणाची होती. कोनमापकानं आखून, कानशीनं घासून तयार केलेली. इंजिन सुरू झालं तेव्हा असं गुळगुळीत चाललं, की आजीबाई खुर्चीतून उठून बघायला आल्या, बंद तर पडलं नाही ना.

मग सप्टेंबर संपता संपता सकाळी गारठा सुरू झाला आणि गाडीनं नवीन खोड काढली. स्टार्टर इतका खादाड, की तो फिरायला लागला की सहाचे चार व्होल्ट व्हायचे, कधी त्याहून कमी. आणि चार व्होल्टवर माझा कन्व्हर्टर झोपी जायचा. म्हणजे ज्या क्षणी ठिणगी हवी नेमक्या त्याच क्षणी ठिणगी नाही. स्टार्टर सोडला की कन्व्हर्टर जागा, पण तोवर इंजिन थांबलेलं. मी दोन संध्याकाळी डोकं धरून बसले. तिसऱ्या संध्याकाळी इमर्जन्सी लाइटमधली छोटी सहा व्होल्टची बॅटरी काढली आणि कन्व्हर्टरला तिच्यावर जोडलं. मोठी बॅटरी स्टार्टरनं खुशाल ओरबाडावी, ठिणगीचं घर वेगळं. ती छोटी बॅटरी मी रोज संध्याकाळी काढून घरात आणायची, चार्जिंगला लावायची आणि उबेला ओव्हनशेजारी ठेवायची, दह्याच्या पातेल्याला लागून. आमच्याकडे पाहुणे आले की मी त्यांना सांगायची, डावीकडचं विरजण आहे, उजवीकडच्याला हात लावू नका.

पुढचे तीन आठवडे मी रोज आठच्या आत पोचले. सुपरवायझर घड्याळाकडे बघायचा आणि मग माझ्याकडे, थोडा निराश झाल्यासारखा. मला इतका आनंद झाला होता की तो लपवता येत नव्हता. चार वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातून काहीतरी झालं होतं, जे नुसतं खाऊन संपत नव्हतं.

नवऱ्यालाही आनंद झाला. तो फोनवर सगळ्यांना सांगायचा, “यार, बायकोनं इलेक्ट्रॉनिक इग्निशन डिझाइन केलंय, सिक्स व्होल्टवर, बिलीव्ह कर.” मी ऐकायची आणि फुगायची.

असाच एक गुरुवार. आजीबाई केस सेट करून, डोक्याभोवती जाळी बांधून माझ्या शेजारी बसल्या होत्या. मी त्यांना डबा, कन्व्हर्टर, छोटी बॅटरी सगळं पुन्हा एकदा समजावून सांगत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुझ्या नवऱ्याची गाडी दिवसभर काय करते?”

“स्टेशनवर उभी असते.”

“किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत?”

“पावणेसात ते साडेसहा.”

“नवी आहे ना ती? बारा व्होल्टची?”

मी हो म्हटलं. मग लगेच नवऱ्याची बाजू घेतली. स्टेशनचं पार्किंगचं परमिट मिळायला आम्ही किती थांबलो, ते मिळालं तेव्हा त्यानं कसे पेढे वाटले, संध्याकाळी ट्रेनचा भरवसा नसतो, त्याला उतरल्याबरोबर गाडी लागते. मी एवढं सगळं बोलले आणि बोलताना माझ्याच कानांना ते पाठ केलेलं वाटलं. खरं तर हे सगळं त्यानं कधीच म्हटलेलं नव्हतं.

आजीबाई म्हणाल्या, “मी कधी गाडी चालवायला शिकले नाही. तीस वर्षं ही घरात होती. त्याला म्हटलं असतं तर त्यानं शिकवलं असतं. चांगला माणूस होता तो.”

“मग म्हटलं का नाहीत?”

“ती त्याची गाडी होती,” त्या म्हणाल्या, आणि जाळीची गाठ घट्ट केली.

मला त्यांचा राग आला. म्हातारी माझ्या संसारात नाक खुपसते म्हणून नाही. माझ्या एवढ्या सुंदर सर्किटचं तिनं एका प्रश्नात वाटोळं केलं होतं म्हणून. त्या रात्री जेवताना मी नवऱ्याकडे बघत होते आणि मनातल्या मनात भाषण जुळवत होते. भाषण चांगलं होतं, त्यात माझं शिक्षण होतं, त्याची आई होती, चार वर्षं होती. पण गाडी व्यवस्थित चालत होती. भाषण करायला निमित्त नव्हतं. मी त्याला आणखी भात वाढला.

निमित्त दसऱ्यानं दिलं. आमच्या ओळखीतल्या मराठी मंडळींचा दसरा त्या वर्षी आमच्याकडे होता, रविवारी. चार घरची माणसं आली. त्यांत एका डॉक्टरांच्या बायको, ज्यांना सगळेच काकू म्हणायचे. त्या साठच्या दशकात आल्या होत्या आणि अमेरिकेत कुठल्या सणाला काय करायचं याचा शेवटचा शब्द त्यांचा असे. नवऱ्यानं जेवणाआधीच सगळ्यांना आजीबाईंच्या गॅरेजात नेलं. गाडी बाहेर काढली होती, हार घातला होता. आजीबाई घडीच्या खुर्चीवर बसून हे सगळं बघत होत्या; आपट्याची पानं नसल्यामुळे त्यांच्याच मेपलची पानं तोडून आम्ही सोनं म्हणून त्यांच्याच हातात ठेवली. त्यांनी थँक यू म्हटलं.

“आणि ते यंत्र कुठाय?” काकूंनी विचारलं.

मी बॉनेट वर केलं आणि डबा दाखवला.

“अगं, मग त्याची पूजा नको? आज आयुधांची पूजा करायची असते. गाडीची कसली करतेस, ती काय तू केलीस? उघड ते झाकण.”

आता इथे मला अंधश्रद्धेवर चार वाक्यं बोलून नामानिराळं होता आलं असतं. पण झाकण मी उघडलं, आणि श्रद्धेनं नव्हे. मला माझं सोल्डरिंग दाखवायचं होतं. मंडळींत दोन इंजिनिअर होते. ते वाकून वाकून बघत होते, एक म्हणाला, “व्हेरी नीट, वहिनी,” आणि मी सातव्या अस्मानात. तेवढ्यात काकूंनी हळद वाहिली, कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. मग बंपरवर नारळ फोडला, आणि वाटीत धरलेलं त्यातलं पाणी एका फुलानं सगळीकडे शिंपडलं. गाडीवर, माझ्यावर, डब्यावर.

मी नॅपकिननं पुसलं. चार थेंब तर होते. अक्षता चिमट्यानं वेचल्या, झाकण लावलं आणि पुऱ्या तळायला गेले. साधं पाणी वाळून जातं आणि खारट-गोड पाणी मागे राहून सर्किट खातं, हा फरक मी पुण्यात दोन माणसांना शिकवला होता. पण पंधरा माणसं जेवायची होती, आणि कौतुक अजून अंगावर होतं.

सोमवारी सकाळी सहाला मी गॅरेजात गेले. गारठा सुरू झाल्यापासून रोज सहालाच एकदा गाडी सुरू करून बघायची सवय लावून घेतली होती. छोटी बॅटरी लावली, किल्ली फिरवली. स्टार्टर फिरला, फिरत राहिला. ठिणगी नाही. झाकण काढलं तर आत बोर्डावर हिरवट-पांढरी बुरशी आल्यासारखं झालेलं, मधे कुंकवाचा ओघळ, आणि मोठा ट्रान्झिस्टर कायमचा गेलेला. जुने पॉइंट्स होते, पण जळके. नवे पार्ट्सच्या दुकानात, आणि दुकान उघडतं आठला. मी तिथेच गाडीच्या पायरीवर बसले. कागद भरला जाणार, आणि मग पुन्हा खारी.

घरात आले. नवरा टाय बांधून उभ्यानं चहा पीत होता.

“गाडी गेली,” मी म्हटलं. “नारळाचं पाणी आत गेलं.”

“अरे यार.” त्याला खरंच वाईट वाटलं. “मग आज कॉल करून सिक सांग ना.”

“प्रोबेशनमध्ये सिक नसतं.”

“मग आता?”

मी श्वास घेतला. गुरुवारपासून तयार असलेलं भाषण तोंडाशी आलं होतं. “मला गाडी दे. मी तुला स्टेशनवर ड्रॉप करते आणि तशीच पुढे जाते. संध्याकाळी येऊन पिक अप करते.” हे नुसतं पहिलं वाक्य होतं. त्याच्या मागे परमिट, ट्रेन, उशीर, त्याची आई, सगळ्यांना उत्तरं तयार होती.

“हो, ने की,” तो म्हणाला. “चावी फ्रिजवर आहे.” त्यानं कप विसळून ठेवला आणि बूट घालता घालता म्हणाला, “तू कधी मागितलीच नाहीस.”

भाषण तसंच राहिलं. भांडण झालं असतं तर फार बरं झालं असतं. मी तयारीत होते, मी जिंकले असते.

स्टेशनपर्यंत तो हवेबद्दल बोलला, मग ऑफिसातल्या कुणाबद्दल. स्टेशनच्या दारात तो उतरायला लागला तेव्हा मी विचारलं, “तीन महिने तू बघत होतास. हात भाजले, तुझी स्लिपर कापली. तुला एकदाही सुचलं नाही, की गाडी इथे नुसती उभी असते?”

माझा नवरा प्रामाणिक माणूस आहे. तो दार उघडं ठेवून थांबला आणि त्यानं खरोखर विचार केला. मागच्या गाडीनं हॉर्न दिला.

“सुचलं असतं गं,” तो म्हणाला. “पण मला वाटलं, तुला ते करायला आवडतंय.”

आणि तो ट्रेन पकडायला पळाला.

कंपनीच्या पार्किंगमध्ये मी पोचले तेव्हा साडेसात झाले होते. इतक्या लवकर तिथे मी कधीच आले नव्हते. हीटर चालू होता, काचा स्वच्छ होत्या, इंजिनाचा आवाजसुद्धा येत नव्हता. मी गाडी बंद केली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. नोकरी वाचली म्हणून नाही. त्याचं म्हणणं खरं होतं, ते करायला मला आवडतच होतं, म्हणूनही नाही. मी घरात मीठ कमी पडल्यावरून बोलते, सासूच्या पत्रावरून बोलते, कुणाच्या बापाला भीत नाही. आणि ही एक गोष्ट मागावी लागू नये म्हणून मी तीन महिने सहाचे बारा करत बसले होते. नाही म्हणणारा कुणी नव्हताच, ज्याच्यावर ओरडावं.

आठला दहा मिनिटं असताना मी तोंड पुसलं आणि आत गेले.